को मुकची पाचूची गुहा : होडी नंतर ठरवा, आधी ओहोटी बघा

थायलंडच्या त्रांग प्रांतात को मुक नावाचं बेट आहे (थाई भाषेत ‘को’ म्हणजे बेट). त्याच्या पश्चिम कड्याखालची थाम मोराकोट ही गुहा पर्यटकांच्या तोंडी ‘एमराल्ड केव्ह’ म्हणून बसली आहे. गुहेला पाचपैकी पाच गुण द्यायला हरकत नाही. तिथं नेणाऱ्या सहलींना मात्र सरसकट पाच देता येत नाहीत. बेटावरून स्वतः ठरवलेली लाँगटेल, म्हणजे लांब दांड्याच्या इंजिनाची स्थानिक होडी : साडेचार. को मुकच्याच हात फरांगहून (‘हात’ म्हणजे किनारा) कयाक : चार, पण फक्त वल्हं मारायची सवय असलेल्यांसाठी. मुख्य भूमीवरच्या पाक मेंग धक्क्यावरून किंवा को लांताहून निघणारी ‘एका दिवसात चार बेटं’ ही सहल : अडीच, आणि त्यातलेही बरेचसे को क्रादानच्या नितळ पाण्याचे. हा फरक होड्यांच्या दर्जामुळे पडत नाही. बोगद्याच्या तोंडाशी तुम्ही किती वाजता पोहोचता आणि ती वेळ कोण ठरवतं, यावर सगळं अवलंबून आहे.

बाहेरून पाहिलं तर जागा फसवी आहे. चुनखडीचा उभा कडा थेट समुद्रात उतरतो, पायथ्याशी एक बुटकी कपार दिसते आणि तिच्यासमोर होड्या थांबलेल्या असतात. बस, एवढंच. त्या कपारीतून सुमारे ८० मीटर लांबीचा, पाण्याने भरलेला बोगदा आत जातो. तो सरळ नाही. वळण आल्यावर मागचा उजेड संपतो आणि पुढचा अजून सुरू झालेला नसतो. मधल्या त्या टप्प्यात डोळ्यात बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख आहे. मग पुढं हिरवट उजेड येतो, पायाला वाळू लागते आणि डोक्यावर मोकळं आकाश उघडतं. चारी बाजूंना उभ्या भिंती, त्यांवरून लोंबणारी झाडी आणि तळाशी पांढऱ्या वाळूचा छोटा किनारा. अंदमान समुद्राच्या या पट्ट्यात अशा कोंडलेल्या जागांना होंग म्हणतात. फांग-न्गा उपसागरातही होंग बरेच आहेत, पण तिथं हवेने फुगवलेल्या होडीत आडवं पडायचं आणि वल्हं दुसऱ्याने मारायचं, असा प्रकार असतो. इथं बहुतेकांना पोहतच जावं लागतं, आणि या जागेची खरी मजा तीच आहे.

ही चुनखडी पर्मियन काळातली, म्हणजे २५ कोटी वर्षांहून जुनी. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं, भेगांतून झिरपत खडक विरघळवतं, आणि पोकळी फार मोठी झाली की तिचं छत कोसळतं. होंग तयार होतात ते असे. खालून समुद्र आपलं पोखरण्याचं काम चालूच ठेवतो. कड्याच्या पायथ्याशी दिसणारी आडवी खाच त्यातूनच आलेली. याच उंचीवर खडकाला चिकटलेल्या कालवांचा आणि बार्नॅकल या बारीक कवचधारी जीवांचा खरखरीत पट्टा असतो. तो नीट पाहून ठेवा. पट्टा पाण्याबाहेर भरपूर उघडा असेल तर ओहोटी चांगली उतरली आहे आणि बोगद्यात डोक्यावर जागा आहे. पट्टा बुडालेला असेल तर तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, काहीही म्हणो, थांबावं हे बरं.

चाच्यांनी इथं लूट लपवली होती, ही कथा प्रत्येक गाइड सांगतो. ऐकायला छान आहे. फक्त ती होडीत बसून ऐका, बोगद्याच्या तोंडाशी तरंगत नको.

भरती-ओहोटीचा हिशेब

सहल विकणारे लोक हा विषय एका वाक्यात उरकतात, आणि फजितीचं मूळ बहुतेक वेळा इथंच असतं. या किनाऱ्यावर दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात. एका भरतीपासून ओहोटीपर्यंत सव्वासहा तासांच्या आसपास वेळ जातो, आणि प्रत्येक वेळ दुसऱ्या दिवशी साधारण ५० मिनिटांनी पुढं सरकते. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे उधाण असतं : पाणी खूप चढतं, खूप उतरतं. अष्टमीच्या सुमारास भांग असतो : चढउतार कमी. त्रांगच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत पाण्याची पातळी अडीच मीटरच्या आसपास वरखाली होते. बुटक्या छताच्या बोगद्यात हा फरक म्हणजे आरामात मान वर ठेवून पोहणं आणि नाक छताला लावून पोहणं यांतला फरक.

पातळी एकसारख्या वेगाने बदलत नाही. दर्यावर्दी लोकांचा बारा भागांचा हिशेब इथं उपयोगी पडतो. पूर्ण चढउताराचे बारा भाग धरा. पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. चढउतार २.४ मीटर असेल तर पहिल्या तासाला पाणी फक्त २० सेंटिमीटर सरकतं, पण तिसऱ्या आणि चौथ्या तासाला प्रत्येकी ६० सेंटिमीटर. याचा व्यवहारातला अर्थ असा की ओहोटीच्या तळाशी, म्हणजे सर्वांत कमी पाण्याच्या आधीचा एक तास आणि नंतरचा एक तास, पातळी जवळजवळ स्थिर असते. दोन तासांची ती खिडकी गाठायची. त्यातही आधीचा तास पसंत करावा, कारण आत गेल्यावर कोणी रेंगाळलं, कोणाचा चष्मा पडला, समोरून मोठा गट आला, तरी परतताना पाणी अजून खालीच असतं. चढत्या पाण्यावर आत गेलात तर उशिराचं प्रत्येक मिनिट छत खाली आणतं. तिसऱ्या तासात अर्धा तास वाया गेला तर ३० सेंटिमीटर गेले. छताखाली तेवढीच मोकळी जागा असेल तर होंगमध्येच बसून पुढच्या ओहोटीची वाट पाहण्याची वेळ येते, आणि आत ना पाणी मिळतं, ना सावलीची खात्री, ना संडास.

भांगाच्या दिवसांत ओहोटी फारशी उतरत नाही, पण भरतीही फारशी चढत नाही, त्यामुळे वेळ थोडी चुकली तरी निभावतं. पोहायला कच्चे लोक किंवा मुलं बरोबर असतील तर असे दिवस निवडणं शहाणपणाचं. उधाणाच्या दिवसांत उलट : ओहोटीला बोगदा सर्वांत मोकळा, होंगचा किनारा सर्वांत रुंद, पण वेळ चुकली तर सगळंच चुकलं. कोष्टक पाहताना ते त्रांगच्या किनाऱ्याचं आहे ना हे तपासा. थायलंडच्या पूर्व बाजूच्या आखातात भरतीचं गणित पूर्ण वेगळं आहे, आणि घाईघाईत मोबाइलवर चुकीचं बंदर उघडलं जाणं ही नेहमीची चूक आहे.

लाटेकडे दुर्लक्ष नको

ओहोटी उत्तम, आकाश निळं, तरीही बोगदा बंद ठेवावा अशी परिस्थिती असू शकते. कारण लाट. इथं वाऱ्याने उठणाऱ्या फेसाळ लाटांपेक्षा जास्त त्रास देते ती लांबून येणारी, संथ, फुगीर लाट. उघड्या समुद्रात ती जेमतेम जाणवते. होडी सावकाश वर जाते, सावकाश खाली येते. पण तेच पाणी अरुंद तोंडातून आत शिरलं की त्याला पसरायला जागा नसते, मग ते वर चढतं. बाहेर ३० सेंटिमीटर वाटलेला चढाव आत बराच मोठा होऊ शकतो. अंगावर लाइफ जॅकेट असतं, त्यामुळे डुबकी मारून छत चुकवता येत नाही. पाणी उचलेल तसं डोकं वर जातं. बोगद्यात होणाऱ्या जखमा बहुधा याच दोन प्रकारच्या : डोक्याला खोक, नाहीतर भिंतीवरच्या कालवांनी कापलेले तळहात, कोपर आणि गुडघे.

तपासायची पद्धत सोपी आहे. होडी तोंडासमोर थांबली की उडी मारायच्या आधी घड्याळ लावून पाच मिनिटं तोंडाकडे बघत बसा. लाटा गटांनी येतात. दोन-तीन मिनिटं शांत गेली म्हणून समुद्र शांत आहे असं होत नाही. मोठ्यात मोठी लाट आल्यावर तोंडाच्या छताखाली किती जागा उरते ते पाहा. प्रत्येक मोठ्या लाटेला आतून धप्प असा कोंडल्या हवेचा आवाज येत असेल तर विषय संपला. चांगला तांडेल अशा वेळी स्वतःच मान हलवतो आणि होडी वळवतो. त्याच्यावर चिडू नका, त्याला पूर्ण पैसे द्या. असे लोक टिकले पाहिजेत.

ऋतूचं गणित यातूनच येतं. नैऋत्य मोसमी वारे, साधारण मे ते ऑक्टोबर, नेमके याच पश्चिम बाजूवर आदळतात, आणि पावसाळ्यात, गुहा ज्याच्या हद्दीत येते त्या राष्ट्रीय उद्यानाकडून ती बंद ठेवली जाते. नोव्हेंबर ते एप्रिल हा खरा हंगाम. डिसेंबर ते फेब्रुवारीत वारा ईशान्येचा असतो; बेट मधे येत असल्यामुळे कड्याखालचं पाणी आडोशाला राहतं. मार्च-एप्रिलमध्ये वारा पडतो, पाणी आणखी शांत होतं, फक्त ऊन मी म्हणतं.

तीन पर्याय, तीन हिशेब

को मुकवरून लाँगटेल ठरवणं हा सर्वांत चांगला पर्याय, कारण वेळ तुमच्या हातात राहते. पश्चिमेकडच्या हात फरांग किनाऱ्यावरून गुहा उत्तरेला, होडीने पंधरा मिनिटांच्या आतबाहेर. पूर्वेकडच्या गावातून निघालात तर बेटाला वळसा घालावा लागतो, वेळ जास्त आणि भाडंही जास्त. भाव ठरवताना माणशी नव्हे, पूर्ण होडीचा विचारा. त्यात वाट पाहण्याचा वेळ धरला आहे का, बोगद्यातून नेणारा माणूस बरोबर येणार का, की तांडेल होडीतच बसून राहणार, हे तीन प्रश्न आदल्या संध्याकाळीच विचारून घ्या. पोहता न येणारा कोणी असेल तर आत येणारा माणूस हवाच. त्याशिवाय ठरवू नका. वेळ सांगताना ‘सकाळी लवकर’ असं मोघम बोलू नका. कोष्टक दाखवा आणि ‘इतक्या वाजता तोंडाशी’ असं सांगा. इथले तांडेल भरती-ओहोटी तुमच्या मोबाइलपेक्षा चांगली जाणतात. ते वेगळी वेळ सुचवत असतील तर कारण विचारा. कारण बहुतेक वेळा बरोबर निघतं.

कयाकचा फायदा असा की कड्याच्या कडेकडेने जाताना मधल्या खाचा आणि छोट्या कपारीही बघता येतात. हात फरांगहून जाताना साधारण तासाभराची तयारी ठेवा. मिळणारी कयाक बहुतेक दोघांची, वर बसायची, प्लॅस्टिकची असते. निघण्याआधी मागचं बूच घट्ट आहे का आणि आत पाणी खळखळतंय का हे हलवून पाहा. पाणी भरलेली कयाक मंद चालते आणि कलंडते. ईशान्येचा वारा कड्याआड जाणवत नाही, पण कडा जिथं तुटतो तिथं तो एकदम अंगावर येतो आणि तुम्हाला किनाऱ्यापासून दूर, उघड्या समुद्राकडे ढकलतो. म्हणून कड्यापासून २० ते ३० मीटरच्या पट्ट्यात राहा. त्याहून जवळ गेलात तर भिंतीवर आपटून परतणाऱ्या लाटा कयाक नाचवतात. बोगद्यात कयाक न्यायची ती फक्त ओहोटीच्या तळाशी आणि आत एकही पोहणारा नसताना. अंधारात वल्ह्याचा फटका कोणाच्या डोक्यात बसला तर पुढचं सगळं निस्तरणं अवघड आहे. कयाकवाल्यांनी पहाटे उजाडताच निघावं, नाहीतर निघूच नये.

आता ती चार बेटांची सहल. पाक मेंगच्या धक्क्यावरून किंवा को लांताहून सकाळी निघतात, मधे को चुएकजवळ स्नॉर्केलिंग, दुपारी को क्रादानवर जेवण, आणि दहा ते एकच्या दरम्यान कधीतरी ही गुहा. पैशांच्या मानाने दिवस भरगच्च आहे, जेवण, पाणी आणि मास्क त्यातच येतात, आणि ज्यांना को मुकवर राहायचं नाही त्यांना दुसरा मार्गही फारसा नाही. पण सगळ्या कंपन्यांच्या होड्या एकाच सुमारास पोहोचतात. बोगद्यात माणसांची साखळी तयार होते : पुढच्याच्या लाइफ जॅकेटचा पट्टा धरायचा, मागच्याने तुमचा, आणि गाइड दोर ओढत नेतो. आत जाणारी आणि बाहेर येणारी साखळी अंधारात एकमेकींना घासतात. कोणीतरी किंचाळतं, ते घुमतं, मग सगळेच किंचाळतात. पोहता न येणाऱ्यासाठी साखळी ही पद्धत चांगली आहे, हे मान्य करायला हवं. पण होंगमध्ये पोहोचल्यावर मिळतात थोडी मिनिटं, आणि तीही गर्दीत सेल्फी काढण्यात जातात. मुख्य दोष मात्र गर्दीचा नाही. सहलीचं वेळापत्रक जेवणावर बेतलेलं असतं, ओहोटीवर नव्हे. त्या दिवशी अकरा वाजता भरती असेल तरी होडी अकराच्याच सुमारास येते. मग गुहा रद्द होते, किंवा रद्द करायला हवी असताना होत नाही. हीच सहल घ्यायची असेल तर दिवस असा निवडा की ओहोटीचा तळ साडेदहा ते बाराच्या दरम्यान पडेल. एवढ्या एका गोष्टीने अडीचचे साडेतीन होतात.

हिरवा रंग कधी दिसतो

छायाचित्रांतला पाचूसारखा रंग दिवसभर नसतो. बाहेरचं ऊन तोंडाजवळच्या पाण्यात शिरतं, पाणी त्यातला तांबडा भाग शोषून घेतं, आणि उरलेला निळा-हिरवा उजेड पाण्याखालून आत येतो. त्यासाठी सूर्य चढलेला हवा. दहा ते दोन ही त्याची वेळ. तो आत जाताना जितका दिसतो त्याहून परत फिरताना, अंधारातून तोंडाकडे येताना, कितीतरी जास्त दिसतो. म्हणून परतताना टॉर्च विझवा आणि घाई करू नका. होंगच्या तळाशीही ऊन उतरतं ते भरदुपारीच, कारण भिंती उंच आहेत. सकाळी आठला तिथं नुसती गार सावली असते.

पेच इथंच आहे. रंगाची वेळ आणि गर्दीची वेळ एकच. ओहोटी साथ देत असेल तर दुपारी अडीच-तीनची वेळ हा चांगला मधला मार्ग : मोठ्या होड्या परतलेल्या असतात आणि सूर्य पश्चिमेकडे, म्हणजे गुहेच्याच बाजूला, झुकू लागलेला असतो. दोन्ही जमत नसेल तर रंग सोडावा आणि सकाळची शांतता घ्यावी. सकाळी सातला रिकाम्या होंगमध्ये पक्ष्यांचे आवाज आणि भिंतीवरून ठिबकणारं पाणी एवढंच ऐकू येतं. साठ माणसांबरोबर पाहिलेला हिरवा उजेड त्याच्या पासंगालाही पुरत नाही.

अंगावर काय, बरोबर काय

लाइफ जॅकेट होडीवर मिळतं, पण किनारा सोडण्यापूर्वी घालून बघा. खांद्याचे पट्टे धरून कोणाला तरी वर ओढायला सांगा. जॅकेट कानांपर्यंत येत असेल तर ते सैल आहे आणि पाण्यात तोंडावर येईल. मांड्यांमधून जाणारा पट्टा असेल तर तो लावाच. लहान मुलांच्या मापाचं जॅकेट अनेक होड्यांवर नसतंच. ते आधी हातात मिळाल्याशिवाय मुलांना होडीत चढवू नका.

टॉर्च डोक्याला बांधायची, पाण्यात चालणारी, आणि मंद प्रकाशावर ठेवलेली. प्रखर टॉर्चने समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात आणि त्याला पुढची दोन मिनिटं काहीच दिसत नाही. दोघांत एक पुरत नाही. माणशी एक असावी. लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घाला. तो उन्हापासून वाचवतो, कालवांपासून वाचवतो, आणि या पाण्यात अधूनमधून अंगाला चावल्यासारखे चटके देणारे जेलीफिशचे बारीक अंश असतात, त्यांपासूनही वाचवतो. पायात बंद, पातळ तळव्याचे पाण्यातले बूट. सपाता वाहून जातात. पायाला लावायचे पोहण्याचे पंखे, म्हणजे फिन, नकोत : अरुंद जागेत त्यांचा फटका मागच्याच्या तोंडावर बसतो. चष्म्याला दोरी. पाणी आत न शिरणारी पाच लिटरची पिशवी, म्हणजे ड्राय बॅग, पुरे. तिचं तोंड किमान तीन वेळा गुंडाळा आणि आत थोडी हवा राहू द्या, म्हणजे ती तरंगते. ड्राय बॅगमध्येही मोबाइल वेगळ्या पिशवीत ठेवा, कारण या पिशव्या पावसासाठी चांगल्या असतात, दहा मिनिटं पाण्यातून ओढत नेण्यासाठी सगळ्याच तेवढ्या खात्रीच्या नसतात.

सनस्क्रीनचा नियम गंभीरपणे घ्या. थायलंडने २०२१ पासून राष्ट्रीय उद्यानांच्या समुद्रात ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट, ४-मिथाइलबेन्झिलिडीन कॅम्फर आणि ब्युटिलपॅराबेन या चार घटकांची सनस्क्रीन वापरायला बंदी घातली आहे. दंड १ लाख बाटपर्यंत. झिंक ऑक्साइडवाली चालते. ट्यूबच्या मागचं बारीक अक्षर विकत घेतानाच वाचा.

प्रत्यक्ष आत जाताना

होडीवरून उडी मारू नका, शिडीने उतरा. तोंडाजवळ खोली ओहोटीप्रमाणे बदलते आणि तळाशी खडक आहेत. पोहणं छातीवर नको. पाठीवर किंचित मागे रेलून, पाय पुढं ठेवून जा, म्हणजे लाटेने ढकललं तर आधी बूट भिंतीला लागतील. एक हात डोक्यावर, तळवा छताकडे. भिंत धरून पुढं सरकायचा मोह आवरा, तळहात कापतात ते असेच. मध्यभागी राहा. शांतपणे गेलं तर ८० मीटरला पाच मिनिटं लागतात, साखळीत दुप्पट किंवा अधिक. समोरून प्रकाश दिसला तर हाक द्या आणि एका बाजूला थांबा. बाहेर येणाऱ्यांना आधी जाऊ देणं हीच इथली रीत असायला हवी, कारण त्यांची वेळ संपत आलेली असते.

अंधारात श्वास चढला तर पोहणं थांबवा. जॅकेटमुळे तुम्ही बुडणार नाही. पाठीवर पडा, दोर किंवा सोबत्याचा पट्टा धरा, श्वास हळू सोडा आणि स्वतःला तसंच ओढून नेऊ द्या. मागं फिरायचं की पुढं जायचं हे त्या क्षणी ठरवू नका. जवळची बाजू कुठली ते गाइडला माहीत असतं. बंद जागेची भीती असलेल्यांनी आणि दम्याचा त्रास चालू असलेल्यांनी होडीतच थांबावं. गर्भवतींनीही. सहा-सात वर्षांच्या आतली मुलं नेता येत नाहीत असं नाही, पण अंधारात ती घाबरली तर दोन्ही हात त्यांनाच लागतात, आणि या बोगद्यात एक हात छतासाठी मोकळा हवा.

होंगमध्ये भिंतींवर चढणं, झाडी ओढणं, वाळू-शिंपले उचलणं यांना मनाई आहे. ड्रोनला परवानगी लागते. खाऊ आत नेऊ नका. उतारावर वाळूत काहीही राहिलं की पुढच्या भरतीला ते बोगद्यातून थेट समुद्रात जातं, आणि हा समुद्र ड्युगाँगचा, म्हणजे समुद्रगवत खाणाऱ्या मोठ्या सस्तन प्राण्याचा आहे. को मुक आणि को लिबोंगच्या भोवतीचं समुद्रगवत हे त्यांचं चरण्याचं कुरण. २०१९ मध्ये मरियम नावाचं पोरकं पिल्लू को लिबोंगला सांभाळलं जात होतं, सगळं थायलंड ते पाहत होतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते मेलं आणि त्याच्या पोटात प्लॅस्टिकचे तुकडे निघाले.

पैसे आणि वाट

गुहा हात चाओ माय राष्ट्रीय उद्यानात येते. उद्यान १९८१ चं आहे. परदेशी पाहुण्यांसाठी प्रवेशशुल्क प्रौढांना २०० बाट, मुलांना १०० बाट. हे होडीच्या भाड्यात धरलं आहे की वेगळं, ते विचारा. सहलींच्या जाहिरातीत बहुधा वेगळं असतं आणि तळटिपेत असतं. को क्रादानही याच उद्यानात येतं, तेव्हा त्याच दिवशी तिकडं जाणार असाल तर पावती कोरडी ठेवा. सुटे पैसे बरोबर असू द्या.

बँकॉकहून त्रांगला विमान आहे, डॉन म्युआंगवरून दीड तासाच्या आसपास, आणि रात्रीची आगगाडीही आहे. गाडीला गर्दी असते पण झोपून जाता येतं. त्रांग शहरातून व्हॅनने क्वान तुंग कूचा धक्का साधारण तासावर, तिथून होडीने को मुक अर्ध्या तासावर. व्हॅन आणि होडीचं एकत्र तिकीट त्रांगच्या स्टेशनसमोरच्या एजंटांकडे मिळतं. बेटावर किमान दोन रात्री ठेवा, म्हणजे लाटेमुळे एक दिवस गेला तरी दुसरा हाताशी राहतो. एकाच रात्रीचा बेत करणाऱ्यांना ओहोटी काय सांगते याच्याशी देणंघेणं राहत नाही आणि मग चुकीच्या वेळी आत शिरण्याचा हट्ट होतो.

काही झालंच तर : कालवाने कापलं असेल तर होडीवरच गोड्या पाण्याने भरपूर धुवा, बेटावर पोहोचल्यावर साबणाने, मग जंतुनाशक, लहान दिसणारी जखमही या हवेत लवकर पिकते. जेलीफिशचा डंख असेल तर चोळू नका, गोडं पाणी टाकू नका, साधा व्हिनेगर किमान ३० सेकंद ओता. श्वास घ्यायला त्रास किंवा छातीत दुखणं असेल तर वाट न पाहता १६६९ वर रुग्णवाहिका. पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५. कड्याखाली मोबाइलची रेंज कमी पडू शकते, म्हणून फोन करायला होडी आधी कड्यापासून थोडी बाहेर काढायला सांगा.